दोरीवरचा पहिला माणूस

ही हकीकत कोणी खरी मानणार नाही. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली ती शिंपलवाडीची सव्वाशे माणसं तर मुळीच मानणार नाहीत. त्यांना विचाराल तर म्हणतील, असं काही घडलंच नाही, आम्ही त्या दिवशी बाजारात होतो. सव्वाशे माणसं एकाच सकाळी बाजारात. आणि चुली थंड ठेवून. तेव्हा विश्वास ठेवूच नका, नुसतं ऐका.

गुणाजी तारी शिंपलवाडीच्या दीपगृहावर एकतीस वर्षं नोकरीला होता. एवढी वर्षं उंचावरून खाली बघत काढल्यामुळे त्याला जगातली सगळी माणसं बुटकी दिसत, आणि निवृत्त होऊन जमिनीवर आला तरी त्याची नजर काही खाली उतरली नाही. दीपगृहाच्या वहीत रोज संध्याकाळी नोंद करायची असते. दिवा किती वाजता लागला, वारा कुठला, समुद्रात काय दिसलं. गुणाजी महिन्याच्या पहिल्या तारखेलाच अख्ख्या महिन्याची नोंद लिहून मोकळा होई. ‘दिवा लागला. वारा पश्चिमेचा. सर्व ठीक.’ तपासणीला आलेले साहेब त्याच्या अक्षराचं कौतुक करत. एका वर्षी फेब्रुवारीच्या तीस तारखेलाही सर्व ठीक होतं, तेसुद्धा कोणाच्या लक्षात आलं नाही. अशा माणसाच्या हातात वाडीने आपला किनारा दिला.

दिला म्हणजे असा. दोन हजार एकेचाळीस साली नियम निघाला की ज्या किनाऱ्यावर जुन्या पद्धतीची मासेमारी खरोखर चालते तो किनारा मच्छीमारांकडे राहील. बाकीचे किनारे तरंगत्या बंगल्यांना देता येतील. खरोखर चालते हे दाखवायचं कसं? सलग तीन हंगामांचं आकाशातून घेतलेलं चित्रण हजर करा. एका कंपनीने शिंपलवाडीच्या समोर चाळीस तरंगते बंगले आधीच नकाशावर काढूनही ठेवले होते, प्रत्येक बंगल्यात एक माड. पाण्यावर माड. असल्या डोक्यांशी गाठ होती.

शिंपलवाडीत रापण चालते. होडीने लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडून यायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या वीस-बावीस माणसांनी किनाऱ्यावरून ओढायच्या. ज्याने दोरीला हात लावला त्याला मासळीचा वाटा, मग तो सावकार असो की वाटेवरचा पाहुणा. दोरीवर पहिला उभा राहतो तो म्होरक्या. त्याने पाऊल मागे टाकलं की सगळ्यांनी टाकायचं. चाळीस वर्षं तिथे एकच माणूस उभा होता, गुणाजीचा थोरला भाऊ जयराम. जयराम बोलायचा कमी आणि ओढायचा फार, त्यामुळे गुणाजी त्याला बैल समजे.

रापण संघाने ड्रोन घेतला. तो उडवायला दीपगृहावर राहिलेल्या माणसाइतका लायक कोण, असं सर्वांना वाटलं. त्यातही गुणाजीलाच जास्त वाटलं. तालुक्याला दोन दिवसांचं शिक्षण होतं, त्याला प्रत्येक संघाने एक बाईही पाठवायची होती. जयरामची बायको मंजुळा गेली.

तिथल्या मास्तरांनी उडवण्याबद्दल अर्धा तास सांगितलं आणि उरलेला सगळा वेळ उडवून आल्यावर काय करायचं हे सांगितलं. ड्रोनमधलं कार्ड घरी आणायचं, किनाऱ्यावर काही पुसायचं नाही. आधी दोन डिस्कांवर नकला करायच्या आणि त्यातली एक दुसऱ्या घरात ठेवायची, कारण आग लागते ती एका घराला. नक्कल झाली म्हणून गप्प बसायचं नाही, उघडून सुरुवात, मधलं आणि शेवट बघायचं. नाव देताना आधी तारीख, मग जागा, मग काम. एवढं झालं की मगच कार्ड मोकळं. कापाकापी करायची ती नकलेवर, मुळाला कात्री लावायची नाही. गुणाजीने हे ऐकताना तीनदा जांभई दिली आणि परतीच्या एसटीत जाहीर केलं की ही बालवाडी होती. मंजुळा सातवीपर्यंत शिकलेली. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं होतं.

पहिला हंगाम तिच्या वहीवर चालला. रापण झाली की ती हात धुऊन, पदराला पुसून कार्ड मागायला येई, आणि गुणाजी ते पुजाऱ्याने तीर्थ द्यावं तसं वरून तिच्या तळहातावर टाकी. एक डिस्क गुणाजीच्या कपाटात, एक तिच्या तांदळाच्या डब्यात, कारण खाऱ्या हवेला तांदूळ बरा. गुणाजीचं चित्रण म्हणजे काय, तर वीस मिनिटं समुद्र, दहा मिनिटं स्वतःचं टक्कल, कारण ड्रोन चालू करून तो खाली वाकून बघत बसे, आणि मग रापण. मंजुळा ते टक्कल नकलेवरून कापी. मुळात मात्र तसंच ठेवी. मास्तरांनी सांगितलेलं.

दुसऱ्या हंगामात कपाट भरलं आणि गुणाजीने सारपेटी आणली.

इथे थोडं शास्त्र सांगितल्याशिवाय सुटका नाही. ड्रोन एका सेकंदाला साठ चित्रं काढतो आणि एकेका चित्रात ऐंशी लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवायचा तर एका आठवड्यात वाडी सोडून जावं लागेल. म्हणून जुनी युक्ती अशी की आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच लिहायचं. वाळू तीच, माड तेच, ते पुन्हा कशाला लिहा. पण समुद्र या युक्तीचा वैरी. त्याचा एक ठिपका जागेवर राहील तर शपथ. म्हणून लग्नाच्या चित्रणाला जेवढी जागा लागते त्याच्या तिप्पट रापणीला लागते.

सारपेटीने ठिपक्यांचा नादच सोडला. ती चित्रण बघे आणि त्याचं सार लिहून घेई. ओहोटी, वारा उत्तरेचा, दोरीवर बावीस माणसं, पुढे म्होरक्या, अमुक मिनिटाला जाळं दिसलं. जेवण टाकून द्यायचं आणि कृती ठेवायची. बघायची वेळ आली की पेटी कृतीवरून सगळं नव्याने रंगवी. रंगवायला जमावं म्हणून तिला आधी त्या किनाऱ्याचं खरं चित्रण पोटभर खाऊ घालायचं. कृतीत लिहिलेलं नसेल तिथे ती नेहमी जे असतं ते घाली. आणि जे वारंवार मागितलं जाई ते महत्त्वाचं समजून ठळक करी, बाकीचं पुसट होऊ देई. विकायला आलेल्या माणसाने सांगितलं, तुमची आठवणही अशीच चालते. हे ऐकून सावध व्हायचं सोडून संघाच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

गुणाजीला तर हे यंत्र आपल्यावरूनच बेतलंय असं वाटलं. दिवा लागला, सर्व ठीक. आणखी काय हवं असतं जगाला? पेटी दरवेळी विचारी, मूळ ठेवायचं का. गुणाजी दरवेळी ‘नको’वर बोट ठेवी, तेही करंगळीने. कपाटातल्या डिस्का तीन दिवसांत कोऱ्या झाल्या. मंजुळाने मात्र आपला तांदळाचा डबा दिला नाही. गुणाजीने तिला आठ दिवस हसून घेतलं. तिने तेही ऐकून घेतलं.

श्रावणात, होड्या वर ओढलेल्या असताना, जयराम पायरीवर जाळं शिवत बसला होता तो बसल्या जागी गेला. हातातली सुई खालीसुद्धा पडली नाही.

भाद्रपदात तिसरा हंगाम उघडला. दोरीवर पहिला रामा उभा राहू लागला. रामा चांगला माणूस, पण त्याने पाऊल टाकलं तर मागचे बघत राहत, टाकू की नको. मंजुळा किनाऱ्यावर यायची बंद झाली. आणि एका दुपारी जेवणं झाल्यावर ती गुणाजीच्या ओटीवर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, तेका दाखय.

गुणाजीने पेटीतून मागच्या हंगामातली रापण काढून दाखवली. ऐंशी मीटरवरून घेतलेली. दोरीवर बावीस डोकी आणि बावीस सावल्या. पहिलं डोकं जयरामचं.

“माका तेचा तोंड बघूचा हा,” ती म्हणाली.

“वयनी, वरसून माणूस असोच दिसता,” गुणाजी म्हणाला. हे वाक्य तो आयुष्यभर बोलायला टपलेला होता.

पण मग त्याला यंत्राची करामत दाखवायची हुक्की आली. पेटीला सांगितलं तर ती तीच रापण जमिनीवरून बघितल्यासारखी रंगवू शकत होती. फक्त जयरामचं तोंड आजवर कोणी मागितलं नव्हतं, त्यामुळे ते तिच्यात पुसट झालं होतं, मूळ पुन्हा खाऊ घालायला हवं होतं. ड्रोन उतरताना जयराम कधीतरी जवळून दिसला असेल. तशा तुकड्यांनी भरलेली एकच जागा वाडीत उरली होती. गुणाजीने नाव न घेता वयनीच्या घरातल्या तांदळाच्या डब्याच्या दिशेने बोट दाखवलं.

मंजुळाने एक रात्र विचार केला आणि सकाळी डिस्का आणून दिल्या. तांदळाचे दाणे चिकटलेले होते, ते तिने ओटीवरच झाडले. पेटीने सगळं गिळलं आणि विचारलं, मोकळ्या करू का. गुणाजीची करंगळी तयारच होती.

जयराम दिसला. गुडघाभर पाण्यात, दोरी खांद्यावर, घाम कपाळावरून उतरतोय, आणि तो समोर बघतोय. मंजुळा खाली बसली. मग रोज दुपारी येऊ लागली. सुरुवातीला बघून गप्प उठून जाई. मग पेटीला सांगायला शिकली, जवळून दाखव, इकडे बघताना दाखव, हसताना दाखव. जयराम जिवंतपणी वर्षातून दोनदा हसत असे, एकदा शिमग्याला आणि एकदा कोणी पाण्यात घसरून पडलं तर. पेटीतला जयराम मागेल तेव्हा हसू लागला. गुणाजीला हे दिसत होतं. आपल्या भावाला असं दात दाखवत उभं केलेलं बघून त्याला कसंसंच होई, पण वयनी रोज येते, आपल्या यंत्राला हात जोडते, हा मान त्याला याआधी जयरामच्या घरातून कधी मिळाला नव्हता. तो तिला चहासुद्धा देऊ लागला. सहा महिने असे गेले.

सुनावणी चैत्रात ठरली. आदल्या दिवशी सकाळी गुणाजीने पहिल्यांदाच तिसरा हंगाम लावून बघितला. आजवर बघायची गरज काय होती, सर्व ठीकच असणार.

आश्विनातली रापण लावली. दोरीवर पहिला जयराम. त्याने कार्तिकातली लावली. जयराम. पौष, माघ, जयराम, जयराम. श्रावणात ज्याला वाडीने खांदा दिला तो माणूस पुढचे सहा महिने एकही दिवस न चुकवता रापण ओढत होता. पेटीची यात काही चूक नव्हती. कृतीत लिहिलं होतं, पुढे म्होरक्या. म्होरक्या कोण, तर ज्याची रोज दुपारी मागणी होते तो. रामाला कोणी कधी मागितलं नव्हतं. पेटीने रामाला पुसून टाकलं, आणि मूळ बघून खात्री करावी म्हटलं तर मूळ म्हणून काही पृथ्वीवर शिल्लक नव्हतं.

गुणाजी घामाने भिजून संघाचा अध्यक्ष आबा मेतर याच्याकडे गेला. वाडीतला शहाणा माणूस म्हणून आबाची ख्याती, कारण तो बोलायच्या आधी तपकीर ओढी. दुपारी मारुतीच्या देवळात बैठक बसली. ज्या बैठकीला एरवी दहा माणसं जमत नाहीत तिला वाडी लोटली. शिव्या गुणाजीला झाल्या, पेटीला झाल्या, विकणाऱ्याच्या सात पिढ्यांना झाल्या. टाळ्या कोणी वाजवल्या होत्या हे मात्र कोणाला आठवेना. मग आबाने तपकीर ओढली.

“फिल्म खोटी हा,” तो म्हणाला, “पण रापण खोटी न्हय मां? ओढली मां आपण?”

ओढली होती. तिन्ही हंगाम, हाताला घट्टे पडेपर्यंत. आबाचं पुढचं म्हणणं असं की अधिकारी बाई साताऱ्याकडची, तिला वरून सगळी डोकी सारखीच. जमिनीवरून रंगवलेलं काही दाखवायचं नाही, ऐंशी मीटरवरूनच दाखवायचं. कोणी काही बोलायचं नाही. नाहीतर उद्यापासून समोर चाळीस बंगले आणि आपली पोरं त्यात चादरी बदलायला. हे सगळ्यांना पटलं. खोटं बोलायला कोणालाच सांगितलं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं, आणि त्यात शिंपलवाडीचा हात कोणी धरला नसता.

मंजुळा खांबाला टेकून बसली होती. आबाने तिला विचारलं, वयनी, चालात मां? तिने पदर सारखा केला. वाडीने त्याला होकार मानलं. एवढ्या माणसांत तिचं तोंड वळून बघायची तसदी एकानेही घेतली नाही.

सुनावणी शाळेच्या पडवीत झाली. अधिकारी बाई नीटनेटक्या, साडीला वाळू लागू नये म्हणून पाय खुर्चीखाली जोडून बसलेल्या. कंपनीतर्फे देवस्थळी नावाचे वकील होते. ते इतके गोड बोलत की ऐकणाऱ्याने आपला खिसा चाचपून बघावा. बाया एका बाजूला चटईवर, बाप्ये दुसऱ्या बाजूला. मधे पांढरा पडदा.

गुणाजी इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला आणि सुरू झाला. सगळं चित्रण त्याने स्वतः घेतलं, स्वतः जपलं. कार्ड घरी आणायचं, दोन नकला, एक दुसऱ्या घरात, उघडून तीन ठिकाणी बघायचं, आधी तारीख मग जागा. ज्या बालवाडीला तो दोन वर्षं हसला ती त्याने पाठ म्हणून दाखवली, आणि ती इतकी रुबाबात म्हटली की बाईंनी मान डोलावली. एकतीस वर्षं दीपगृहाची वही लिहिलीय साहेब, असंही त्याने मधे घुसवलं. एक दिवस चुकला नाही.

मग रापणी दाखवल्या. पहिला हंगाम, दुसरा, तिसरा. चित्रं सुंदर होती. खऱ्यापेक्षा सुंदर, कारण त्यात टक्कल नव्हतं. निळं पाणी, पिवळी वाळू, अर्धगोल जाळं, आणि दोरीवर सरळ रेषेत मागे सरकणारी बावीस डोकी. बाईंनी मोजणी केली आणि म्हणाल्या, दिवस भरतात. पडवीभर सुटकेचा श्वास ऐकू आला. पोरी एकमेकींना कोपरखळ्या मारू लागल्या.

देवस्थळी उठले. त्यांना फार काही विचारायचं नव्हतं. त्यांनी कार्तिकातली एक रापण पुन्हा लावायला सांगितली आणि पडद्याजवळ जाऊन दोरीवरच्या पहिल्या डोक्यावर पेन्सिल टेकवली. हे गृहस्थ प्रत्येक रापणीत दिसतात, ते म्हणाले. अनुभवी दिसतात. त्यांच्याशी दोन शब्द बोलायला आवडेल. हे कोण?

गुणाजीने आबाकडे बघितलं. आबा तपकिरीची डबी उघडत होता आणि ती उघडत नव्हती.

“तो रामा, साहेब,” गुणाजी म्हणाला. “आमचा रामा. बसलाय बघा. ऊठ रे रामा.”

रामा उठला. त्याला काय करायचं ते सांगितलेलं नव्हतं, म्हणून त्याने हात जोडले. तो पडद्यावरच्या माणसाहून वीतभर बुटका होता, पण वरून बघितलं तर ते कोणाला कळणार? बाईंनी कागदावर लिहिलं. रामा. पूर्ण नाव काय, म्हणून त्यांनी विचारलं आणि गुणाजीने तेही सांगितलं, आता त्याला सूर सापडला होता. चाळीस वर्षं हाच पुढे उभा असतो साहेब, तो म्हणाला, ह्याच्यासारखा म्होरक्या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही, आमची सगळी वाडी ह्याच्या पावलावर पाऊल टाकते. पडद्यावर ते डोकं एक पाऊल मागे सरलं, आणि त्याच्यामागे एकवीस डोकी सरली. रामा हात जोडून उभाच होता.

चटईवर बांगड्यांचा आवाज झाला. मंजुळा उठत होती. शेजारणीने तिचा पदर धरला, तो तिने हळूच सोडवून घेतला. ऐंशी मीटरवरची ती चित्रं, नुसतं डोकं आणि सावली, तिने इतके महिने परत कधी मागितली नव्हती. आता ती त्या सावलीकडे बघत होती. डावा पाय आधी, टाच रुतवून, मग उजवा. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती आणि त्यांत तिने नवऱ्याचं नाव एकदाही तोंडाने घेतलं नव्हतं. रेशनकार्डावर लिहिताना बोटाने दाखवत असे.

“तो रामा न्हय,” ती म्हणाली. “खोटा सांगता हो गुणाजी. तो जयराम. माझो घोव. श्रावणात गेलो तो.”